कथेची मुदत

घर भाड्याने द्यावयाचे झाले, बाजारातील गाळा मक्त्याने घ्यावयाचा झाला, किंवा अडीनडीला एखाद्या सावकाराकडून चार पैसे उचलावयाचे झाले, तरी कागदावर मुदत लिहिल्यावाचून कोणताही शहाणा पक्ष त्यावर सही करीत नाही. असे असता ज्या कथेला आपण प्रत्येक संध्याकाळचा अर्धा तास वर्षानुवर्षे देऊन टाकतो, तिला ‘तू संपणार केव्हा?’ एवढा साधा प्रश्न विचारण्याचे आपणांस सुचत नाही, आणि कोणी विचारलाच तर घरातील मंडळी त्याच्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू त्याने एखाद्या वृद्ध आप्ताच्या प्रकृतीविषयी अभद्र चौकशी केली आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकेचे बरेवाईटपण तिच्या विषयावरून, नायिकेच्या दागिन्यांवरून किंवा सासू-सुनांच्या कलहावरून ठरविण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ते, तिला मुदत आहे की नाही, आणि असल्यास ती कोणी व कशासाठी ठरविली, यावरून ठरविणे अधिक न्याय्य होईल.

हा विचार मनात घोळू लागण्यास मी ज्या भागात राहतो तो सोलापूरचा सात रस्ता बऱ्याच अंशी कारण आहे. रंगभवनाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपाशी महाविद्यालयातील मुले उभी असतात, त्यांच्या हातांतील मोबाइलवर जपानी चित्रमालिका, म्हणजे ॲनिमे, चाललेल्या असतात, आणि ‘दुसरा सीझन पहिल्याइतका जमला नाही बे’, ‘तिसऱ्याची तारीख आली का?’ असे त्यांचे संभाषण चाललेले असते. तेथून हाकेच्या अंतरावरील घरांत त्याच वेळी मराठी, कन्नड किंवा तेलुगू दैनंदिन मालिका लागलेल्या असतात, कारण या शहरात एका भिंतीच्या अलीकडे एक भाषा आणि पलीकडे दुसरी भाषा नांदत असते. हे दोन प्रेक्षकवर्ग परस्परांविषयी पराकाष्ठेचा अनादर बाळगतात. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ॲनिमे म्हणजे मिसरूड फुटलेल्यांनी पाहावयाची लहान मुलांची चित्रे, आणि मुलांच्या दृष्टीने दैनंदिन मालिका म्हणजे बुद्धीला दिलेली रजा. दोन्ही मते अज्ञानमूलक आहेत. परंतु त्यांतील दुसरे अधिक अन्याय्य असल्यामुळे त्याचा परामर्श प्रथम घेतला पाहिजे.

दैनंदिन मालिकेतील एकच वाक्य तीन तोंडी तीनदा उच्चारले जाते, एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर कॅमेरा ढगांच्या गडगडाटासह फिरत राहतो, पात्रे मनातील कपट स्वतःशी मोठ्याने बोलून दाखवितात, अशी टीका करणारे सुशिक्षित रसिक एक गोष्ट विसरतात. ती ही की, या मालिका पाहिल्या जातात त्याहून अधिक ऐकल्या जातात. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा विडी घरकुलात जाऊन पाहावे: मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, बोटांना क्षणाची उसंत नाही, कारण मजुरी हजारी विड्यांवर मोजली जाते. अशा हजारो स्त्रियांचे डोळे पानाच्या कडेवर असतात आणि कान तेवढे मोकळे असतात. ज्या श्रोत्याला मान वर करण्याची सवड चार मिनिटांतून एकदा मिळते, त्याच्यासाठी वाक्य तीनदा उच्चारणे हा दोष नसून सौजन्य आहे. गडगडाट झाला म्हणजे मान वर करावी, हा त्या कथेने आपल्या श्रोत्याशी केलेला संकेत आहे. कीर्तनकार टाळ वाजवून पेंगणाऱ्याला जागे करतो तेव्हा आपण त्यास कलाहीन म्हणत नाही. या शहरात जुन्या गिरणीचा, नरसिंग गिरजीचा, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा एके काळी दिवसाचे विभाग पाडीत असे. ते भोंगे बंद पडल्यानंतर संध्याकाळचे तास बांधून देण्याचे काम मालिकांच्या शीर्षकगीतांनी अंगावर घेतले, हेही त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे.

एवढे मान्य केल्यावर मात्र माझी वकिली संपते. कारण पुनरुक्तीला जे समर्थन लागू पडते ते अनंततेला लागू पडत नाही. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तिच्या नावातील चार दिवसांची ही लांबी पाहून सासू या संस्थेविषयी काही निष्कर्ष काढण्याचा मोह मी आवरतो. प्रश्न लांबीचा नाहीच. महाभारत लांब आहे. प्रश्न असा की, ज्या कथेचा शेवट लेखकालाच ठाऊक नाही, किंबहुना शेवट होऊ नये यासाठीच ज्याला मेहनताना मिळतो, त्याच्या हातून पात्राच्या कृतीला परिणाम कसा प्राप्त व्हावा? विष घातले गेले तर ते पचले पाहिजे, कारण पात्र लोकप्रिय आहे. दरीत पडलेला मनुष्य परत आला पाहिजे, कारण नटाचा करार अजून बाकी आहे. सत्य उघडकीस येण्याच्या क्षणी दार वाजले पाहिजे, कारण सत्य उघडकीस आले तर उद्या दाखवावयाचे काय? नाट्याचा प्राण असलेली अपरिवर्तनीयता, म्हणजे एकदा केलेले पुन्हा फिरविता न येणे, हीच तेथे नष्ट होते. आणि ती नष्ट झाली म्हणजे सज्जनाचे सौजन्य व दुष्टाचे दौष्ट्य या दोहोंची किंमत सारखीच शून्य होते.

आमच्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. याच जिल्ह्यात, सांगोल्याकडील नाझरे गावच्या श्रीधराने अठराव्या शतकाच्या आरंभी जे तीन ग्रंथ रचिले, त्यांत हरिविजयाचे अध्याय ३६, रामविजयाचे ४० आणि पांडवप्रतापाचे ६४. पोथी सोडतानाच श्रोत्याला माहीत असे की, रोज एक अध्याय धरला तर अमुक तिथीला समाप्ती, आणि समाप्तीला प्रसाद. प्रत्येक अध्यायाला स्वतःचे मंगल, स्वतःचा मध्य आणि स्वतःचे समापन असे. मागल्या अध्यायाच्या कथेचे स्मरण देऊन पुढे जाण्याची रीतही होती, म्हणजे ज्याला ‘मागील भागात आपण पाहिले’ म्हणतात ती सोय काही आजची नव्हे. श्रोते रामकथेचा शेवट जन्मापासून जाणत होते, तरी सीताहरणाच्या रात्री डोळे पुसल्यावाचून कोणी उठत नसे. उत्कंठा ही शेवट अज्ञात असण्यावर अवलंबून असते हा समज त्यामुळे खोटा ठरतो. शेवट ठाऊक असला म्हणजे त्याच्याकडे जाणारे प्रत्येक पाऊल दिसू लागते. सोलापूरचाच राम जोशी तमाशाच्या फडावरून कीर्तनाच्या पाटावर आला, आणि कीर्तनातही उत्तररंगातले आख्यान उजाडण्यापूर्वी संपवावेच लागते. श्रोत्याला अर्ध्यावर ठेवून उद्याचे आमंत्रण देणे ही त्या पेशात नामुष्की समजली जाई.

छापखाना आल्यावर हा प्रकार पालटला. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची कहाणी प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती पडू लागली. आठवड्याच्या अंकाचा तगादा पाठीशी लागल्यामुळे हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ शिरला, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटाही नाही. तथापि त्या तगाद्यापायीच यमूचे घर, तिचे सासर, तिचा सोवळ्या-ओवळ्याचा जाच हे सर्व अशा संथ तपशिलाने उतरले की वाचकाला ती शेजारच्या वाड्यातली वाटली, आणि काही झाले तरी १८९३ साली पुस्तक पुरे झाले. पाल्हाळाला सीमा असली तर तो क्षम्य असतो.

दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ही सीमा सरकारी दफ्तरातून आली, आणि त्याबद्दल त्या दफ्तराचे कोणी आजवर आभार मानलेले नाहीत. वर्षाची तिमाही तेरा आठवड्यांची, म्हणून साप्ताहिक मालिकेला मंजुरी मिळावयाची ती तेरा, सव्वीस किंवा बावन्न भागांची. कला आणि खतावणी यांचा संबंध नेहमी अनिष्टच असतो असे मानणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा: तेराच्या त्या हिशेबी आकड्याने लेखकाला आरंभीच शेवटाचा विचार करावयास लावले. १९८४ च्या जुलैत सुरू झालेली ‘हम लोग’ दीडेक वर्षात आटोपली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत व निरनिराळ्या भाषांतून निरोप घेत, तेव्हा अध्याय संपल्याची, पोथी बासनात बांधल्याची भावना होई. श्याम बेनेगलांनी ‘भारत एक खोज’ त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षे बसविली. याउलट ‘रामायण’ला मंजुरी बावन्न भागांची होती ती लोकाग्रहास्तव वाढत अठ्ठ्याहत्तरावर गेली, आणि ३१ जुलै १९८८ रोजी ती मालिका थांबत असता उत्तरकांडही दाखवावे म्हणून जालंधरास वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांची मागणी मला अगदी वाजवी वाटते. ती मुदतवाढ बाजाराने मागितलेली नव्हती. ज्या ऋषीला ते आपला पूर्वज मानीत, त्याच्या ग्रंथाचा एक भाग बाकी राहत होता, आणि कथा आपल्या स्वतःच्या शेवटापर्यंत न्यावी एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता टपरीपाशी उभ्या असलेल्या मुलांकडे वळू. जपानी दूरचित्रवाणीचे वर्षही तिमाहीनेच चालते. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात आणि साधारण बारा-तेरा भागांत एक खेप पुरी होते. म्हणजे ज्या ‘सीझन’ला आमची वडील मंडळी परदेशी खूळ समजतात, तो मंडी हाउसमधील दूरदर्शनच्या तेरा भागांचा सख्खा भाऊ आहे. तथापि जपानी मालिकांतही बिनमुदतीचा रोग पसरलेला होता, आणि त्याचे निदान तेथे जितके स्पष्ट दिसते तितके आपल्याकडे दिसत नाही, कारण त्यांच्यापाशी ताडून पाहावयास मूळ चित्रकथेचे पुस्तक असते. ‘नारुतो’ ही चित्रमालिका २००२ साली सुरू झाली. ती आठवड्यागणिक चालली असता मासाशी किशिमोतो यांची मूळ कथा तितक्या वेगाने पुढे जाईना, तेव्हा पहिल्या २२० भागांपैकी अखेरचे ऐंशीच्या वर भाग बहुतांशी पदरच्या मजकुराने भरून काढावे लागले. टपरीवरची मुले अशा भागांना ‘फिलर’ म्हणतात आणि ते गाळून पुढे जाण्याच्या याद्या परस्परांना देतात. वाचकहो, आमच्या मालिकांतूनही अशी यादी करता आली असती तर किती संसारांचे किती तास वाचले असते! पण येथे मूळ ग्रंथच नसल्यामुळे भरताड कोणते आणि कथा कोणती हे ठरविण्यास रुजवात घालावी तरी कोणाशी?

हिरोमु अराकावा या लेखिकेच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा वृत्तान्त याहून बोधप्रद आहे. २००३ साली तिची चित्रमालिका निघाली तेव्हा मूळ कथा अर्धवट होती. निर्मात्यांनी एक्कावन्न भागांत आपला स्वतंत्र शेवट रचून ती पुरी केली. पुढे २००९ साली त्यांनी तीच कथा पुन्हा प्रथमपासून चौसष्ट भागांत मांडली, आणि २०१० च्या जूनमध्ये लेखिकेचे अखेरचे प्रकरण छापून आले त्यानंतर काही आठवड्यांतच मालिकेचा अखेरचा भाग दाखविला गेला. एकाच कथेचे दोन शेवट, दोन्ही पुरे, दोन्हींना आपापले कैवारी. माझ्या परिचयातील दोन तरुण याच विषयावर महिनाभर परस्परांशी बोलत नव्हते. मला हा कलह आरोग्याचे लक्षण वाटतो. ज्या कथेला शेवट आहे तिच्याविषयीच भांडता येते. जी चालूच आहे तिच्याविषयी फक्त चौकश्या करता येतात.

‘डीमन स्लेयर’ची मूळ चित्रकथा तर २०२० च्या मे महिन्यात, कीर्तीच्या ऐन शिखरावर असता, तेवीस खंडांत संपविण्यात आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिच्यावरील चित्रपटाने जपानातील उत्पन्नाचे सर्व उच्चांक मोडले. थांबल्याने धंदा बुडतो, हे म्हणणे इतके स्वयंसिद्ध नाही. १९९९ पासून आठवड्यागणिक चाललेली आणि हजाराच्या वर भाग झालेली ‘वन पीस’देखील पुढे वर्षास जास्तीत जास्त सव्वीस भागांवर आणण्याचे तिच्या निर्मात्यांनी २०२५ च्या अखेरीस जाहीर केले.

पण मुदतीचे नाव घेऊन मुदत न पाळण्याची लबाडीही याच बाजारात होते, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘ॲटॅक ऑन टायटन’चा ‘अंतिम’ म्हणून घोषित झालेला सीझन डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला आणि तुकड्यातुकड्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. तारखेमागून तारीख पडणारे दिवाणी दावे पाहण्याची सवय असलेल्या आम्हा लोकांनाही ही तहकुबी अंमळ दीर्घच वाटली. कामाचा व्याप मोठा होता हे खरे. तथापि कागदावर एक मुदत लिहून प्रत्यक्षात दुसरी वसूल करणाऱ्या घरमालकाला आपण जो शब्द वापरतो तो येथेही वापरण्यास हरकत नसावी.

कोणी म्हणेल, मग जपानातच १९६९ पासून अखंड चालू असलेल्या ‘साझाए-सान’चे काय? आमच्या घरोघरीच्या मुलांना २००५ पासून हिंदीतून भेटणाऱ्या ‘डोरेमॉन’चे काय? या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते माझ्या सिद्धान्ताला बळकटी आणणारे आहे. ‘डोरेमॉन’मधला नोबिता कधी मोठा होत नाही, त्याची शाळा कधी सुटत नाही, साझाएच्या घरातील मांजरही वयाने वाढत नाही. त्या कथा काळ पुढे जातो असा देखावाच करीत नाहीत. प्रत्येक भाग आपल्यापुरता सुरू होतो आणि आपल्यापुरता संपतो. म्हणजे मुदत मालिकेला नसून भागाला आहे, आणि ती काटेकोर पाळली जाते. आमच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ची घडण अशीच होती, आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदाच येऊन एका बैठकीत आपली गोष्ट सांगून जात. फसवणूक होते ती तिसऱ्या प्रकारात, जेथे प्रत्येक भाग ‘आता काहीतरी घडणार’ असा वायदा करतो आणि मालिका ‘कधीच काही घडणार नाही’ अशी तजवीज करून ठेवते.

मराठीत खरोखरीच्या सीझनचा प्रयोग झाला तो ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये. २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पहिल्या कथेत आरंभीच अण्णा नाईक मरण पावतात. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात संपली. पुढे दोन वर्षांच्या खंडानंतर, २०१९ साली, दुसरी कथा आली ती काळाच्या मागे जाऊन: अण्णा जिवंत, नाईकांच्या वाड्यात त्यांची दहशत, आणि त्यांची प्रेयसी शेवंता. येथे एक अपूर्व गोष्ट घडली. ज्याचा मृत्यू आपण आधीच पाहिला आहे, अशा मनुष्याचा उन्माद आपण पाहत होतो. त्याची प्रत्येक मग्रुरी, प्रत्येक बळी, आपण त्याच्या तेराव्याच्या ओसरीवर बसून पाहत होतो. पोथीच्या श्रोत्याला रावणाविषयी जे वाटे ते मराठी प्रेक्षकाला पुष्कळ वर्षांनी एका मालवणी पात्राविषयी वाटले, आणि सात रस्त्यावरच्या लोकांनाही, ज्यांतील अनेकांनी समुद्र पाहिलेला नसेल, आकेरीचा तो वाडा आपला वाटला. लोकप्रियता इतकी झाली की २०२१ साली तिसरी कथा निघाली. जी गोष्ट मागे आणि पुढे दोन्हीकडून बांधली गेली होती तिला आणखी एक मजला चढविण्यात माझ्या मते चूक झाली. परंतु अण्णांच्या चाहत्यांपुढे हे मत मी सहसा उच्चारीत नाही.

आता एक नवे संकट उभे आहे. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेरा भाग एकाच दिवशी प्रेक्षकांच्या स्वाधीन केले. तिमाही नाही, आठवडा नाही, आणि आकडा मात्र तेराच. तुरुंगाच्या भिंती पाडल्यावरही कैद्याने तेवढ्याच पावलांत येरझारा घालाव्यात तसे ते झाले. तेव्हापासून रात्रभर जागून सबंध कथा पिऊन टाकण्याची रीत पडली आहे. मुदत आहे, शेवट आहे, तरीही काहीतरी हरवले आहे, आणि ते म्हणजे मधले अंतर. दोन भागांमधील सात दिवस हा कथेचाच अंश असतो. त्या दिवसांत प्रेक्षक पात्रांच्या वतीने विचार करतो, चुकीचे तर्क करतो, शेजाऱ्याशी पैज लावतो. टपरीवरील मुलांना हे बरोबर उमगले आहे. जी ॲनिमे मालिका आठवड्याला एक भाग या क्रमाने येते तिच्याविषयी ती आठवडाभर बोलतात. जी एकदम येते तिच्याविषयी ‘बघून झाली’ एवढेच बोलतात.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की, मराठी वाहिन्यांनी मालिकेच्या पहिल्याच भागात तिचे भाग किती हे जाहीर करावे आणि ते पाळावे. शंभर म्हणा, दोनशे म्हणा, माझी हरकत नाही. यावर वाहिनीवाले म्हणतील की जाहिरातदार आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येवर पैसे मोजतो, चाललेली मालिका बंद करणे म्हणजे दुभती गाय विकणे. हे उत्तर व्यापाऱ्याला शोभणारे आहे, आणि त्याचा प्रतिवाद व्यापाऱ्यानेच करावा. रोज एक भाग हातावेगळा करण्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या लेखक-तंत्रज्ञांना विचारले असता तो सहज मिळेल. परंतु खरा अडचणीचा आक्षेप मला मिळाला तो आमच्या शेजारच्या अक्कांकडून. त्या विडीचे सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझे सर्व विवेचन त्यांनी एका कानाने ऐकून घेतले, दुसरा मालिकेकडे होता. मग म्हणाल्या, “दोनशे भागांत संपलं म्हणा की. दोनशे एकाव्या दिवशी आठ वाजता दुसरीच माणसं येणार ना घरात? त्यांची नावं, नाती, कोण कुणाची जाऊ, सगळं परत पाठ करायचं. हात चालू असताना ते कसं जमावं हो, सांगा बघू?” श्रीधराच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न नव्हता, कारण हरिविजय संपून रामविजय लागला तरी सारी माणसे जन्मापासून ओळखीचीच असत. नव्या माणसांची ओळख व्हावयास किती भाग लागतात, आणि ते भाग जिचे हात मोकळे नाहीत अशा श्रोत्यासाठी कसे लिहावेत, हे मराठी मालिकालेखकांनी अद्याप मनावर घेतलेले नाही. आणि ते घेतले जात नाही तोवर अक्का माझ्या तजविजीला संमती देतील असे मला दिसत नाही.